पुस्तक पालथं ठेवतो, पण परत देत नाही

मागच्या अंकात मी आपलं सहज लिहून गेले की आमच्या इंदुरातल्या घरच्या छोट्या वाचनालयात सगळ्यात जास्त फाटलेली, सेलोटेप लावलेली पुस्तकं कुठली असतील तर ती भुताखेतांची, आणि झालं, महिनाभर पत्रं नि व्हॉट्सॲप येतच राहिले. कुणाला यादी हवीये, कुणाला पोराची काळजी लागलीये, एका काकांनी तर मला चांगलं दोन पानी झापलंय, त्यांनाही खाली उत्तर आहे. सगळी पत्रं घेणं शक्य नाही, एकसारख्या प्रश्नांमधलं एकेक उचललंय.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत, इंग्लिश मीडियम. शाळेतल्या मित्राकडून त्याने गूजबम्प्स नावाच्या इंग्लिश भुताच्या सिरीजचं एक पुस्तक आणलं आणि तेव्हापासून रात्री आमच्या मधे येऊन झोपतो, बाथरूमला जायचं तर बाबांना उठवतो, कव्हर दिसायला नको म्हणून पुस्तक टेबलावर पालथं ठेवतो. मी म्हटलं आण इकडे, देऊन टाकू परत, तर रडायलाच लागला, अजून वाचायचंय म्हणे. सासूबाई म्हणतात मनात भीती बसेल. काढून घेऊ का? (एक आई, सुदामा नगर)

अहो, अजिबात काढून घेऊ नका. पालथं ठेवतो पण परत देत नाही, हे तुम्हीच लिहिलंय ना, त्यातच आलं सगळं. त्याला भीती वाटतेय आणि ती किती घ्यायची, कधी थांबवायची हे तो स्वतःचं स्वतः शोधतोय. आमच्याकडे मुलं चित्राच्या पानावर तळहात ठेवून शेजारचा मजकूर वाचतात, मग बोटांत जराशी फट करतात, मग अजून थोडी, आणि एकदा पूर्ण हात उचलला की "हॅ, एवढंच?" म्हणून शेजारच्याला दाखवायला पळतात. मोबाइलवर हे जमत नाही, डोळे झाकले तरी आवाज येतच राहतो आणि घाबरवतो तो आवाजच. पुस्तकात कसं, मुलगा थांबला की भूतही थांबतं.

यातली माझी एक चूक सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात संध्याकाळी लाइट गेले होते, पंधरा-वीस मुलं बसलेली, मला काय हुक्की आली कोण जाणे, मेणबत्ती लावली आणि पलंगाखालच्या हाताची एक गोष्ट सुरू केली, अगदी आवाज बिवाज काढून, जमिनीवर नखं घासून. मोठी मुलं खूश. कोपऱ्यात एक सहा वर्षांची चिमुरडी होती, भावाबरोबर आलेली, ती हळूच उठली आणि चपला न घालता भर पावसात घरी पळाली. दुसऱ्या दिवशी तिची आई आली ती भांडायलाच, आणि बरोबरच होतं तिचं. पोरगी पंधरा दिवस पलंगावर चढताना लांबून उडी मारत होती म्हणे. मी नंतर खूप विचार केला की अशाच गोष्टी पुस्तकातून वाचणारी मुलं अशी पळत नाहीत, मग ही का पळाली? तर तिच्या हातात बंद करायला काही नव्हतंच. गोष्ट माझ्या तोंडात होती आणि मी थांबत नव्हते. (दोन वर्षांनी तीच येऊन म्हणाली, ते हाताचं पुस्तक द्या. मी म्हटलं अगं ते पुस्तक नव्हतं, मी मनानेच रचलं होतं, तर म्हणे मग लिहून द्या.)

आता तुमच्या मुलाचं. आधी त्या पुस्तकाला खाकी कव्हर घाला, शाळेच्या वह्यांना घालतो तसं, आणि वर त्याचं नाव लिहू द्या. हसू नका, पुस्तकातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट बरेचदा कव्हरच असते कारण आतलं पान तो हवं तेव्हाच उघडतो पण कव्हर टेबलावरून सारखं बघत बसतं. दुसरं, आणि हे जरा उलटं वाटेल, त्याला चॅप्टर संपवून थांबू देऊ नका. आपण नेहमी म्हणतो ना "एवढा धडा संपव आणि झोप", इथे तेच नडतं. त्या पुस्तकांची बांधणीच अशी आहे की प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी एक झटका, दार करकरलं, कुणीतरी खांद्यावर हात ठेवला, आणि पुढचं पान उलटलं की तो हात बहुतेक वेळा धाकट्या भावाचा निघतो. म्हणजे पोरगं झटक्यावर पुस्तक मिटून झोपायला जातं आणि भावाचा हात दुसऱ्या पानावरच राहतो. म्हणून पुढच्या चॅप्टरची दोन-तीन पानं वाचून, मधेच, काहीतरी फालतू चाललेलं असताना थांबायचं.

आणि ते पलंगावर नकोच. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाली की गॅलरीत उन्हात बसून वाचू दे. बाथरूमचा लाइट रात्रभर राहिला तर राहू दे, दोन रुपये जास्त बिल येईल. फक्त एवढा घोडा झालास आणि घाबरतोस असं कुणी म्हणू नका, खासकरून बाबा. त्याला एक गंमत मात्र सांगा, ही पुस्तकं लिहिणारे आर. एल. स्टाइन, १९९२ साली ही सिरीज सुरू व्हायच्या आधी मुलांसाठी विनोदी पुस्तकं लिहायचे, 'जोव्हियल बॉब' अशा नावाने. एकदा का मुलाला हे कळलं की तो भुताच्या पानावरही जोक कुठे लपलाय ते शोधायला लागतो. आमच्याकडे एका मुलाने पेन्सिलने मार्किंग केलं होतं, पुस्तक खराब केलं पण मी रागावले नाही.

पुस्तक संपून महिना झाला, तरी एकटा बाथरूमला जात नाही, सकाळी शाळेच्या वेळेला रोज पोट दुखतं, असं काही असेल तर मात्र भुताचं नाव घेत बसू नका, कारण बहुतेक दुसरंच असतं, शाळेतलं, बसमधलं. मग तुमच्या मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : आपल्या लेखाने खेद झाला. विज्ञानयुगात मुलांच्या हाती भूत, चेटकीण, मुंजा देणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी. आमच्या घरात हा शब्ददेखील उच्चारला जात नाही. आपण जबाबदारीने लिहावे. (एक ज्येष्ठ वाचक, राजेंद्र नगर)

काका, रागावलात ते पोचलं. पण मला खरं सांगा, तुमच्या घरात "जेवला नाहीस तर बुवा येईल" हेही कुणी म्हणत नाही? "भर दुपारी बारा वाजता त्या पिंपळाखालून जाऊ नकोस" हेही नाही? कारण माझ्या मते अंधश्रद्धा तिथून येते, मोठ्या माणसाने गंभीर चेहऱ्याने, काम करवून घ्यायला, खरं म्हणून सांगितलेल्यातून. "एक होता मुंजा" म्हटल्यावर मुलाला पहिल्या शब्दापासून माहीत असतं की ही गोष्ट आहे. आमच्या लहानपणी फुटी कोठीबद्दल काय काय ऐकलेलं, होळकरांच्या काळातलं ते अर्धवट राहिलेलं बांधकाम, तिकडून जाताना आम्ही श्वास रोखून जायचो, आणि ते सगळं मोठ्यांनीच भरवलेलं होतं, पुस्तकात काहीच नव्हतं. आता त्या चौकात एवढा ट्रॅफिक असतो की भुतालाही रस्ता क्रॉस करता येणार नाही.

उलट मी तर म्हणते मुलांना भुतांची नावं जमवायला लावा आणि प्रत्येक भूत कुठून आलं ते विचारा. आमच्या सातवी-आठवीच्या मुलांनी मागच्या उन्हाळ्यात एक तक्ता केला होता. गिऱ्हा पाण्यात राहतो, म्हणजे विहिरीवर एकटं जायचं नाही. चकवा रस्ता भुलवतो, म्हणजे रात्री रानातून चालताना माणूस गोल गोल फिरून तिथेच येतो त्याला दिलेलं नाव. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज, म्हणजे मुंजीचं व्रत सोडायचा विधी, व्हायच्या आत गेलेला मुलगा. आणि हडळ, उलट्या पावलांची, ती बाळंतपणात गेलेली बाई. हे लिहिताना एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "मावशी, मग हडळी एवढ्या जास्त का?" आणि मग आमची त्या दिवशी भुतांवर नाही, पूर्वी बायका बाळंतपणात का आणि किती जायच्या यावर अर्धा तास चर्चा झाली. हे तुमच्या विज्ञानयुगातच बसतं ना काका?

प्रश्न : सौ. ताईंस नमस्कार. माझी नात आठ वर्षांची, बंगळुरूला असते, सुट्टीत इंदूरला येते. आम्ही चांदोबा मासिकावर वाढलो, तिला विक्रम-वेताळ सांगायची फार इच्छा आहे. विक्रम आमच्या उज्जैनचाच, हे तिला अभिमानाने सांगतो. पण सूनबाई म्हणतात प्रेत, स्मशान असलं काही नको. कसे करावे? (एक आजोबा, रामबाग)

आजोबा, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, अक्षर किती सुंदर आहे हो. वेताळ सांगाच. आपल्याकडे मुलांसाठी यापेक्षा भारी भुताची गोष्ट मला तरी माहीत नाही आणि तिच्यात एकही भूत विनाकारण कुणाला खात नाही, राजाच्या खांद्यावरच्या प्रेतात बसलेलं ते भूत कोडी घालतं!

आधी उज्जैनचं. तुम्हाला वाईट वाटेल की गंमत, माहीत नाही, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागर लिहिला त्यात ही पंचवीशी आहे आणि तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचं राज्य कुठे? गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण! पुढे लोकांच्या तोंडी तो उज्जैनचा विक्रमादित्य झाला, आणि माळव्यात तर दुसरं कुणी ऐकूनच घेणार नाही. पण आपल्यासारख्या इंदुरी मराठी माणसाला तर दोन्हीकडून फायदा आहे, राजा पैठणचा म्हणा नाहीतर पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जैनचा, आहे आपलाच. नातीला दोन्ही सांगा, ती बंगळुरूला जाऊन भाव खाईल.

आता सूनबाईंचं. मुलांना प्रेत या शब्दाची तेवढी भीती वाटत नाही जेवढी आपल्याला वाटते. मी जेव्हा सांगते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ते जड होतं का?" आणि दुसरा, "वास येत होता का?" एकदम प्रॅक्टिकल. त्याची उत्तरं द्यायची, हो जड होतं, खांदा दुखायला लागला राजाचा, आणि पुढे जायचं. सुरुवात मात्र गाळू नका कारण ती फार छान आहे आणि हल्लीच्या पातळ पुस्तकांत गाळलेली असते. तो क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात येतो आणि राजाला एक फळ देतो, नुसतं फळ, राजा ते खजिनदाराकडे टाकतो, असं वर्षानुवर्षं चालतं, आणि एक दिवस एक माकडाचं पिल्लू ते फळ फोडतं तर आतून रत्न. मग खजिन्यात जाऊन बघतात तर फळं सडून गेलीत आणि रत्नांचा ढीग. आता असं रोज कोण कुणाला कशाला देईल? नातीला इथे थांबून विचारा. मी विचारलं तर एक मुलगा म्हणाला होता, "त्याला नक्की काहीतरी काम आहे." आठ वर्षांचा! भीती इथून चढते, स्मशान खूप नंतर येतं.

सांगायची पद्धत एक सुचवते. लोड किंवा उशी घ्या, तो वेताळ. हॉलमधली खुर्ची म्हणजे ते शिसवीचं झाड, आणि स्वयंपाकघर म्हणजे स्मशान. नातीने उशी खांद्यावर टाकून खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालायचं, तुम्ही मागून वेताळ होऊन गोष्ट सांगायची, शेवटी प्रश्न. उत्तर माहीत असून गप्प बसलीस तर डोक्याची शंभर शकलं, आणि बोललीस तर उशी परत खुर्चीवर. मुलं अडकतात ना त्यात, बोलल्याशिवाय राहवत नाही आणि बोललं की पहिल्यापासून! रात्रीला एकच फेरी. माझ्या अनुभवाने चौथ्या-पाचव्या रात्री सूनबाईच स्वयंपाकघराच्या दारात पोळ्या लाटता लाटता उत्तर देऊन मोकळ्या होतात.

शेवटचं कोडं मात्र राखून ठेवा. राजा आणि राजपुत्र शिकारीला गेलेत, त्यांना दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात, एक मोठे, एक लहान. ठरतं की मोठी पावलं जिची तिच्याशी बापाने लग्न करायचं आणि लहान जिची तिच्याशी मुलाने. पुढे त्या भेटतात तर त्या मायलेकी, आणि पावलं मोठी असतात मुलीची! शब्द तर दिलेला, लग्नं होतात. मग वेताळ विचारतो, त्यांना जी मुलं होतील ती एकमेकांची कोण? इथे राजा गप्प. तो मौन पाळत नव्हता बरं का, त्याला खरंच सुचलं नाही. आमच्याकडे यावर कागद-पेन्सिल घेऊन भांडणं झालीत, मामा की आजोबा, आत्या की नात, एका मुलीने तर बाणांचा असा काही गुंता केला की मेट्रोचा नकाशा वाटावा.

आणि चांदोबा. ते चित्र आठवतं ना, उपसलेली तलवार, खांद्यावर लटकणारं प्रेत, मागे कवट्या. ते काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली गेले, २०२१ ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मूळ गोष्टी पंचवीसच, त्या केव्हाच संपल्या होत्या, मग चांदोबावाले वर्षानुवर्षं नव्या गोष्टी रचून वेताळाच्या तोंडी घालत राहिले आणि आपल्याला कधी कळलंही नाही. तुमच्याकडे जुने अंक असतील तर ते चित्र नातीला दाखवा, पण आधी तळहात ठेवून.

एक राहिलंच, कोकणात हाच वेताळ गावाचा राखणदार देव आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक केळीचे घड आणि हे मोठ्ठे चामड्याचे जोडे वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याचे जोडे झिजतात. घाबरलीच नात तर झोपताना हे सांगा.

प्रश्न : हाय काकू, मी तेरा वर्षांची आहे. गूजबम्प्स सगळी झाली, आता ती बच्चोंवाली वाटतात. मला मराठीत काहीतरी खरंच डेंजर हवंय. दादा म्हणतो धारप वाच, आई म्हणते बिलकुल नाही. प्लस मराठी वाचायला मला टाइम लागतो, शाळेत हिंदी-इंग्लिशच आहे. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट रात्री तिसऱ्या मजल्यावर आपोआप थांबते आणि तिथला फ्लॅट कितीतरी वर्षं बंद आहे, त्यामुळे मला खूप आवड आहे. (नाव नका छापू प्लीज)

नाही छापत. आणि मराठी हळू वाचतेस ना, फारच उत्तम, भुताची गोष्ट हळू वाचणाऱ्यालाच जास्त चावते. भरभर वाचणारे शेवटाकडे पळतात, तू प्रत्येक शब्दावर अडकशील आणि दार उघडायला पूर्ण एक मिनिट लागेल.

सगळी झाली म्हणतेस, पहिल्या सिरीजचीच ६२ आहेत, पण ठीक आहे, मानलं. तू रत्नाकर मतकरींपासून सुरू कर. त्यांच्या गूढकथा लहान असतात, एका बैठकीत होतात, आणि त्यांच्यात बरेचदा भूत नसतंच, साधा फ्लॅट, साधी माणसं, ऑफिसला जाणारे काका, आणि हळूहळू काहीतरी बिघडत जातं आणि शेवटच्या परिच्छेदात तुझ्या मानेवर काटा येतो. गंमत म्हणजे 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीणही याच माणसाने लिहिली, जिला बघून तीन-चार वर्षांची पोरं हसून लोळतात. पहिल्यांदा दिलीप प्रभावळकरांनी केली होती ती, अलीकडे वैभव मांगले करायचे. एकाच लेखकाने लहानांना भुताला हसायला शिकवलं आणि मोठ्यांची झोप उडवली, मला हे फार आवडतं. २०२० मध्ये गेले ते, करोनात.

नारायण धारपांवरून तुमच्या घरात भांडण लागलंय, तर दादाही बरोबर आणि आईही बरोबर. धारपांनी मोठ्या माणसांसाठी लिहिलं, भीती पण मोठ्यांची आहे, आणि काही कादंबऱ्या तू पंधरा-सोळाची झाल्यावरच वाच असं मी पण म्हणेन. पण त्यांच्या 'समर्थ'च्या कथा आत्ता चालतील, कारण तिथे वाईट शक्तीच्या समोर उभा राहणारा कुणीतरी असतो, वाचणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. आईला सांग, आधी एक तिने वाचायची, मग तू. धोका एवढाच की आई पुस्तक परत देणार नाही.

इंग्लिशमध्ये रस्किन बाँडच्या भुताच्या गोष्टी घे, मसुरीकडचे डोंगर, धुकं, देवदाराची झाडं, चार-पाच पानांत खेळ खलास. आणि जरा दमाचं काही हवं असेल तर फ्रँकेन्स्टाइन, आत्ता संक्षिप्त, पुढे पूर्ण. हे मुद्दाम तुला सांगते कारण मेरी शेलीने ते लिहायला घेतलं तेव्हा ती अठराची होती, तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी फक्त. १८१६ चा उन्हाळा, स्वित्झर्लंडमधलं एक सरोवर, आणि उन्हाळा असून नुसता पाऊस नि थंडी, कारण आदल्या वर्षी तिकडे इंडोनेशियात तंबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेने नि वायूंनी जगाचं हवामानच बिघडवलं होतं. बाहेर पडता येईना, तर कवी बायरन म्हणाला चला, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहू. त्यातून हे निघालं, १८१८ ला छापलं गेलं. आणि हो, फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नाही, त्याला बनवणाऱ्याचं आहे, राक्षसाला बिचाऱ्याला नावच नाही. वाचल्यावर तुला त्याची भीती कमी आणि दया जास्त येईल.

आता ती लिफ्ट. अगं तू पत्राच्या शेवटी एका ओळीत काय टाकून गेलीस! ती लिहून काढ ना. मेकॅनिकला विचारलंस तर तो सेन्सरचा फॉल्ट सांगेल आणि ते खरंच असेल, पण लिहिताना नको सांगूस. बंद फ्लॅटमध्ये काय आहे तेही नको. लिफ्ट थांबली, दार उघडलं, समोर कुलूप, कुलपावर धूळ. आणि एक दिवस कुलपावर धूळ नाही. बस, इथे थांब आणि मला पाठव.

प्रश्न : मी शनिवारी कॉलनीतल्या मुलांचा मराठी वर्ग घेते, पाच ते दहा वयाची मुलं आहेत. भीतीच्या गोष्टी म्हटलं की एकदम कान टवकारतात. पण इंदुरात मराठी बालपुस्तकं मिळतात कुठे आणि परवडतील अशी? (एक शिक्षिका, तिलक नगर)

खरंय, खजुरी बाजारात दहा दुकानं फिरलात तरी शाळेची पुस्तकं, गाइडं नि हिंदीच जास्त. मी दोन गोष्टी करते. एक, बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांनी स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलेत, त्यात शोधलं तर भुताच्या, गुहेच्या, पडक्या वाड्याच्या भरपूर गोष्टी सापडतात, प्रिंट काढा नि वाटा. दुसरं, पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बजावून ठेवलंय की बाकरवडी नको, एक पुस्तक आणा. बाकरवडी पण आणतात, ते सोडा.

पाच-सहा वर्षांच्यांना नवीन काही नकोच. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' ही गोष्ट नीट ऐका कधी, एक म्हातारी, एकटी, जंगल, आणि वाघ म्हणतो मी तुला खातो. यापेक्षा भयकथा काय असते? पण म्हातारी शहाणी आणि वाघ बावळट, म्हणून पोरं टाळ्या वाजवतात. राक्षस बावळट असला की या वयाला चालतो, राक्षस हुशार असला की रात्री आईचा फोन येतो.

आठ-दहाच्यांना भूत नको नि धडधड हवी असेल तर फास्टर फेणे द्या. आणि वर्गात सांगा की भा. रा. भागवत १९१० साली आपल्या इंदुरात जन्मले, फुरसुंगीचा बन्या फेणे ज्या डोक्यातून निघाला ते डोकं इथलं आहे, मुलांची छाती दोन इंच फुगते. इंग्लिश वाचणारे असतील तर रोआल्ड डालचं चेटकिणींचं पुस्तक, 'द विचेस', १९८३ चं. त्यात मुलाचा उंदीर होतो आणि शेवटपर्यंत उंदीरच राहतो. सिनेमावाल्यांनी त्याला परत मुलगा केला तर डाल चिडले होते. पालक विचारतात हा कसला शेवट, मुलं कधीच विचारत नाहीत, उंदीर आता फार वर्षं जगणार नाही आणि आजी पण म्हातारी आहे, म्हणजे दोघं साधारण बरोबरच जातील, म्हणून तो खूश असतो. एक दुसरीतला मुलगा मला म्हणाला होता, "बरं झालं ना, कुणी एकटं नाही राहणार."

प्रश्न : मावशी तुमच्या वाचनालयात भूत आहे का. मला पुस्तक परत करायला यायचं आहे म्हणून विचारलं. (वय ७, लोकमान्य नगर)

नाही रे राजा. माळ्यावरून जो आवाज येतो ती मांजर आहे, तिला तीन पिल्लं झालीत, एक काळं आहे. तू दिवसा ये, पाचच्या आधी, आईला घेऊन आलास तरी चालेल. पुस्तक द्यायची तारीख होऊन अकरा दिवस झालेत, त्याचा दंड म्हणजे पिल्लांना वाटीभर दूध. आणि मधलं कपाट उघडताना जो करकर आवाज येतो ना, त्याला तेल घालायचं असं मी गेली चार वर्षं म्हणतेय, पण मुलंच घालू देत नाहीत.